टाकीचा गंज लेपाखाली झाकू नका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीला आतून गंज धरला की बहुतेकांना पहिला उपाय सुचतो तो आतून लेप देण्याचा. डबा आणायचा, टाकीत ओतायचा, टाकी चहूबाजूंनी फिरवायची आणि गंज कायमचा मिटला असे धरून चालायचे. आम्ही दुचाकी दुरुस्तीचे काम करतो. ही समजूत इतकी पक्की झालेली दिसते की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटले. नुसती गंजलेली टाकी सुधारता येते. गंजावर दिलेला लेप सुटू लागला की मात्र काम फार अवघड होते, कारण त्याचे पापुद्रे कॉकच्या (पेट्रोल चालू-बंद करण्याच्या तोटीच्या) जाळीत किंवा इंजेक्शनच्या, म्हणजे पंपाने इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत पंपाच्या जाळीत जाऊन बसतात आणि उरलेला लेप पत्र्याला असा चिकटलेला असतो की खरवडूनही निघत नाही. हे काम घरी नीट करता येते. त्यात लेपाचा भाग शेवटचा आणि सर्वांत लहान असतो, आणि पुष्कळदा तर त्याची गरजच नसते.

टाकी आतून का गंजते ते आधी पाहू. अर्धी भरलेली टाकी रात्री थंड होते, झाकणाच्या छिद्रातून दमट हवा आत येते आणि वरच्या मोकळ्या पत्र्यावर त्या हवेतले पाणी जमते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते ओघळून तळाशी बसते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडे पाणी स्वतःत सामावून घेते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी त्यांचा थर साचतो. हा थर नुसत्या पाण्याहून जास्त त्रास देतो. म्हणजे टाकीत दोन प्रकारचा गंज असतो. झाकण उघडल्यावर छताला दिसणारा तांबूस गंज भयंकर वाटतो, पण तो बहुधा वरवरचा असतो. खरे नुकसान तळाच्या वेल्डिंगच्या जोडावर होते, जिथे सहसा नजर पोहोचत नाही. चासीच्या नळीसाठी टाकीच्या पोटात खोबण असते, त्यामुळे तळाचे दोन कप्पे पडतात. कॉक एकाच कप्प्याला असेल तर दुसऱ्यातले पाणी कधीच बाहेर पडत नाही. पहिले छिद्र बहुधा तिथेच पडते. बाहेरून जोडालगत रंगाला फोड आले असतील तर आतला पत्रा तिथे संपत आला आहे असे समजावे.

कामाला हात लावण्याआधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोकादायक असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की ठिणगीने स्फोट होतो, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत हे प्रमाण सहज गाठले जाते. वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या शेगडीपर्यंतही पोहोचते. त्यामुळे काम उघड्यावर करावे आणि जवळपास ज्योत, ग्राइंडर, चालू मोटर असे काहीही नसावे. टाकी स्वच्छ धुऊन होईपर्यंत आत बल्ब किंवा तारेचा कॅमेरा घालू नये. गॅस आणि वेल्डिंग तर घरी करूच नये. पाण्याने दोनदा धुतली म्हणून टाकी सुरक्षित झाली असे होत नाही. जोडाच्या फटींत आणि गंजाच्या थरात मुरलेले पेट्रोल तापल्यावर पुन्हा वाफ होऊन बाहेर येते.

पेट्रोल धातूच्या डब्यात काढून घ्या. कॉक, पेट्रोलची पातळी दाखवणारा फ्लोट, झाकण आणि इंजेक्शनची गाडी असेल तर पंपही उतरवा. पंपाची आणि फ्लोटची रबरी रिंग पेट्रोलने फुगलेली असते, एकदा निघाली की ती खाचेत परत बसत नाही. नवी आधीच आणून ठेवलेली बरी. कॉकच्या जागी तात्पुरते बूच म्हणून जुना कॉकच बसवून ठेवण्याचा मोह होतो. तसे करू नये. कॉकमधले जस्त-अॅल्युमिनियम आम्ल आणि क्षार दोन्हींत खराब होते. ३ मिमी जाडीच्या पोलादी पट्टीला कॉकच्या बोल्टांच्या अंतरावर भोके पाडून खाली रबर घालून ती कसावी. बाहेरचा रंग वाचवायचा असेल तर टाकी प्लॅस्टिकच्या जाड कागदात गुंडाळून कडा चिकटपट्टीने बंद करा. आम्लाचा ओघळ रंगावर डाग पाडतो आणि अॅसिटोन तर रंग थेट विरघळवते.

पहिली धुलाई गंजाची नसून तेलकटपणाची असते. हीच पायरी सर्वांत जास्त गाळली जाते. जुन्या पेट्रोलचा चिकट, रोगणासारखा थर गंजावर बसलेला असेल तर आम्ल त्याच्या खाली पोहोचतच नाही आणि मग आम्ल कमजोर निघाले असा गैरसमज होतो. असा थर आधी अॅसिटोनने किंवा थिनरने सोडवून काढावा. त्यानंतर लिटरला सुमारे ५० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडे भांड्यांचे द्रव साबण घातलेले कढत पाणी टाकीत चौथाईभर घेऊन हलवावे, काही तास ठेवावे आणि ओतून द्यावे. हे पुन्हा करावे. शेवटी साध्या पाण्याने धुतल्यावर पाणी पत्र्यावर सलग पसरले पाहिजे. थेंब थेंब होऊन उभे राहिले तर तेल अजून आहे. आतून रंग किंवा लेप नसलेल्या साध्या पोलादी टाकीसाठी ही कृती आहे. अॅल्युमिनियमच्या टाकीला सोडा वापरू नये.

सुटा गंज पाडण्यासाठी मूठभर नट किंवा स्क्रू टाकीत घालून हलवतात. टाकण्यापूर्वी ते मोजावेत, बाहेर काढल्यावर पुन्हा मोजावेत. आत पत्र्याचे आडवे पडदे असलेल्या टाकीत एखादा नट अडकतो आणि पुढे वर्षानुवर्षे खुळखुळत राहतो. अशा टाकीसाठी अर्धा-एक मीटर लांबीची बारीक साखळी बरी, तिचे एक टोक तारेने बाहेर बांधून ठेवता येते. पापुद्रे निघेपर्यंतच हे करावे. रासायनिक काम ठोकून होत नाही.

आता गंज काढण्याचे द्रव. बरेच लोक हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, कारण अर्ध्या तासात टाकी चकचकीत दिसते. आम्ही ते वापरू नका असेच सांगतो. ते गंजाबरोबर चांगले पोलादही खाते, त्याचा धूर डोळ्यांना आणि फुफ्फुसांना घातक असतो, आणि खड्ड्यांत उरलेले क्लोराइड कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही. लेपाखाली गंज पुन्हा उगवतो तो यामुळे. व्हिनेगरमध्ये मीठ घालण्याच्या घरगुती सल्ल्यातही हाच दोष आहे. साधे ५ टक्क्यांचे व्हिनेगर बिनमिठाचे चालते, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि टाकी काठोकाठ भरायला बरेच लागते.

घरी करण्यासाठी सायट्रिक आम्ल आम्हाला सर्वांत योग्य वाटते. प्रमाण लिटरला ५० ते १०० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या टाकीला पाऊण ते दीड किलो. पाणी सुमारे ५० ते ६० अंशांपर्यंत गरम असले तर काम लवकर होते. टाकी काठोकाठ भरावी. अर्धी भरली तर छताचा गंज तसाच राहतो आणि द्रवाच्या पातळीवर पत्र्यावर एक ओरखड्यासारखी रेघ उमटते. झाकणाची जागा घट्ट बंद करू नये, कारण हायड्रोजन वायू बाहेर पडत असतो. दर तीन-चार तासांनी पाहावे. साधारण १२ ते २४ तासांत द्रव गडद, हिरवट-पिवळा होतो आणि पत्रा करडा दिसू लागतो. तिथेच थांबावे. आणखी एक दिवस ठेवले तर जास्त स्वच्छ होईल हा हिशेब चुकीचा आहे. गंज संपल्यावर आम्ल पत्रा खायला लागते आणि काळपट थर सोडते. गंज उरलाच असेल तर द्रव ओतून नवे भरावे.

फॉस्फोरिक आम्लाचाही पर्याय चांगला आहे. बाजारातले तीव्र, ८५ टक्क्यांचे असेल तर एक भाग आम्ल आणि चार-पाच भाग पाणी घ्यावे. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही ओतायचे नाही. हे आम्ल पत्र्यावर लोहफॉस्फेटचा पातळ करडा थर सोडते. तो थर नवा गंज काही काळ रोखतो आणि लेपाला पकडही देतो. मात्र त्यावर पांढरी भुकटी सुकून राहिली असेल तर ती धुऊन काढावी, नाहीतर लेप भुकटीला चिकटतो, पत्र्याला नाही.

ज्यांच्याकडे १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर आहे त्यांच्यासाठी विद्युत पद्धतही आहे. तिचा मोठा फायदा असा की ती चांगले पोलाद खात नाही. तेल आणि पेट्रोल पूर्ण निघाल्याची खात्री झाल्यावर टाकीत लिटरला १० ते १५ ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेले पाणी भरावे. चार्जरची ऋण तार टाकीला, रंग खरवडलेल्या जागी लावावी. धन तार साध्या पोलादी सळईला लावून ती सळई झाकणाच्या तोंडातून आत सोडावी. सळई टाकीला कुठेही टेकता कामा नये. रबरी बुचातून भोक पाडून ती धरावी आणि वायू जाण्यासाठी बुचाला बाजूने खाच ठेवावी. स्टेनलेस स्टीलची सळई वापरू नये, कारण तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. जस्ताचा मुलामा असलेलीही नको. २ ते ५ अँपिअर प्रवाह पुरतो. सळईवर गाळ चढतो, तो दर काही तासांनी खरवडावा लागतो. या पद्धतीची मर्यादा म्हणजे सळईच्या थेट समोरची भिंत लवकर सुटते आणि खोबणीच्या आडचा कोपरा तसाच राहतो. त्यासाठी सळई वाकवून दोन्ही कप्प्यांत आळीपाळीने सोडावी. यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात, म्हणून हेही उघड्यावरच. चिमटे काढण्याआधी चार्जरचा मुख्य पुरवठा बंद करावा. चिमटा ओढताना उडालेली ठिणगी पुरेशी असते.

गंज निघाल्यानंतरची वेळ सर्वांत नाजूक. उघडे, ओले पोलाद काही मिनिटांत पुन्हा तांबूस होते. त्यामुळे पुढचे सगळे सामान हाताशी मांडूनच द्रव ओतावा. सायट्रिक आम्ल किंवा व्हिनेगर वापरले असेल तर लिटरला ३० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने टाकी विसळावी. या वेळी तोंड बंद करून टाकी हलवू नये, कारण निघणाऱ्या वायूचा दाब बूच उडवून डोळ्यांत पाणी फेकतो. मग कढत साध्या पाण्याने धुवावे, टाकी उलटी करून पाणी निथळावे आणि लगेच अर्धा लिटर अॅसिटोन किंवा पाणी नसलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून सगळीकडे फिरवावे. उरलेले पाणी ते स्वतःत ओढून घेते. ते ओतून पुन्हा ताज्या अर्ध्या लिटरने तसेच करावे. त्यानंतर गार हवेने वाळवावे. अॅसिटोनचा वास पूर्ण जाईपर्यंत केस वाळवण्याचे यंत्र लावू नये. त्याची तापलेली तार आणि अॅसिटोनची वाफ यांची गाठ पडली की भडका होतो. व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढणे तर त्याहून वाईट, कारण सगळी वाफ मोटरच्या ठिणग्यांवरून जाते.

टाकी गळते का हे तपासण्याची योग्य वेळ आता येते. आम्लाने भोक पाडले अशी तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा भोक आधीच होते आणि गंजाने ते बुजवून धरले होते. सगळी तोंडे बंद करून सायकलच्या हातपंपाने हलका दाब द्यावा, ०.१ बार खूप झाला, आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. कंप्रेसर जोडू नये. ३० बाय २० सेंटिमीटरच्या बाजूवर ०.५ बार म्हणजे सुमारे ३०० किलोचा भार येतो. पत्रा जेमतेम १ मिमीच्या आसपास जाड असतो. तो फुगतो आणि परत बसत नाही.

एकही बुडबुडा आला नाही तर आमचे म्हणणे स्पष्ट आहे: लेप देऊ नका. टाकी लगेच जोडून पेट्रोलने काठापर्यंत भरा आणि पुढेही भरलेली ठेवा. स्वच्छ, कोरडे पोलाद पेट्रोलखाली वर्षानुवर्षे टिकते. लेपाला आयुष्य असते आणि ते संपले की वर सांगितलेला सगळा त्रास सुरू होतो. गाडी लगेच चालवायची नसेल तर ५० मिली टू-स्ट्रोक तेल आत फिरवून ठेवावे. पुढे लेप द्यायचा असेल तर मात्र हे तेल पुन्हा पूर्ण धुवावे लागेल.

लेप लागतो तो सुईच्या अग्राएवढी छिद्रे असतील किंवा जोड खोल खड्ड्यांनी खाल्लेला असेल तेव्हा. साधारण १ मिमीपर्यंतचे छिद्र लेप स्वतः भरतो. बाहेरून तिथे चिकटपट्टी लावावी म्हणजे तो गळून जात नाही. तीन-चार मिमीच्या छिद्राला आधी बाहेरून ठिगळ लागते. भोवतालचा रंग २५ मिमीपर्यंत काढून, पत्रा घासून चकचकीत करून, पेट्रोलला टिकणाऱ्या इपॉक्सीत भिजवलेले काचेचे कापड दोन थरांत बसवावे. अंगठ्याने दाबल्यावर पत्रा दबत असेल किंवा छिद्र टाकीच्या बसणीच्या पट्टीजवळ, जिथे कंप जास्त असतो, तिथे असेल तर घरचा उपाय टिकणार नाही. ते काम टाकीचे वेल्डिंग जाणणाऱ्याकडेच द्यावे किंवा टाकी बदलावी.

लेप निवडताना तो इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालतो असे डब्यावर स्पष्ट लिहिलेले असावे. जुन्या प्रकारचे काही पातळ लेप इथेनॉलने मऊ पडून जेलीसारखे होतात. दोन भागांचा इपॉक्सी लेप आणि हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारा एकाच डब्यातला लेप असे दोन मुख्य प्रकार मिळतात. दुसऱ्या प्रकारात टाकीत थेंबभर पाणी राहिले तरी लेपात फेस येतो आणि छिद्रे पडतात. १५ ते २० लिटरच्या टाकीला सुमारे २५० मिली लेप पुरतो. इपॉक्सीचे दोन भाग डब्यावरच्या प्रमाणात वजन करून घ्यावेत, अंदाजाने नाही. हार्डनर (लेप घट्ट करणारा भाग) जास्त घातला म्हणून लेप जास्त घट्ट होत नाही, उलट कायमचा चिकट राहतो. भांड्याच्या कडा खरवडत दोन-तीन मिनिटे सावकाश ढवळावे. उष्ण हवेत मिश्रण हाताळायला मिळणारा वेळ निम्म्यावर येतो, म्हणून काम सकाळच्या गारव्यात करावे. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा हवाच; सेंद्रिय वाफेसाठीचा मास्कही हवा, साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही.

ओतण्याआधी झाकणाच्या तोंडापासून टाकीच्या पोटातून खाली जाणारी पाण्याची आणि हवेची बारीक नळी शोधा. तिच्यात मेण लावलेला नायलॉनचा दोरा ओवून ठेवा, नाहीतर ती बुजते. बोल्टच्या आट्यांत मेण लावलेले जुने बोल्ट बसवा. मग लेप ओतून टाकी सावकाश फिरवा. प्रत्येक बाजू, प्रत्येक कोपरा खाली येऊन मिनिटभर थांबला पाहिजे, आणि तळाचा जोड दोनदा. घाईने घुसळू नये, बुडबुडे होतात. सगळा पत्रा ओला झाला की कॉकच्या भोकातून उरलेला लेप पूर्णपणे निथळू द्यावा. जाड थर म्हणजे मजबूत थर या समजुतीने तो आत ठेवणारे फार आहेत. साचलेल्या डबक्याला वरून साय धरते, खालचे द्रावक अडकून राहते आणि तो भाग महिन्याभराने पेट्रोलमध्ये फुगून सुटतो. टाकी अर्धा-पाऊण तास वेगवेगळ्या बाजूंवर ठेवत निथळावी, झाकणाच्या गळ्यावरचा लेप अॅसिटोनच्या फडक्याने पुसावा आणि दोरा व बोल्ट लेप पूर्ण घट्ट होण्याआधी काढून घ्यावेत.

पुढे थांबणे एवढेच काम उरते. २० ते २५ अंश तापमानाला लेप एका दिवसात हाताला कोरडा लागतो, पण पेट्रोल सोसण्याइतका पक्का व्हायला प्रकारानुसार चार ते सात दिवस लागतात. तोंडे उघडी ठेवावीत. आतून द्रावकाचा वास येत असेपर्यंत पेट्रोल भरू नये.

आम्लाचे पाणी खाण्याच्या सोड्याने फसफस थांबेपर्यंत शमवावे. पेट्रोल मिसळलेले पहिले धुवण मात्र गटारात सोडू नये, ते बंद डब्यात साठवून टाकाऊ तेल घेणाऱ्यांकडे द्यावे.

जोडताना कॉकची जाळी नवी, कार्ब्युरेटरच्या गाडीला नळीत नवा फिल्टर आणि फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी) साफ करूनच बसवावे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर फिल्टर उघडून पाहा. तपकिरी भुकटी दिसली तर गंज राहिला आहे, पापुद्रे दिसले तर लेप सुटतो आहे. गाडी काही किलोमीटर चालून बंद पडत असेल आणि झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येत असेल तर हवेचे छिद्र लेपाने बुजले आहे. आणि टाकीच्या खालच्या बाजूला लेपाचा प्रकार व तारीख पक्क्या शाईने लिहून ठेवा. पुढे कोणी ती टाकी वेल्डिंगला घेतली तर आत लेप आहे हे त्याला आधी कळले पाहिजे, कारण तापल्यावर तो जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

कळावे,

आपले नम्र,
दुचाकी दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक